कुमानवाले काका

दार अर्धं उघडायचं, अंग बाहेरच ठेवायचं आणि फक्त डोकं आत घालून विचारायचं, "कुमानचं काही?"

इंग्लंडात, हाउन्सलोमध्ये गालिच्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. तिथे दर गुरुवारी हे पांढऱ्या केसांचं डोकं दारातून आत येई. विमानतळ जवळ असल्यामुळे दर थोड्या वेळानं छपरावरून विमान जायचं आणि त्यात प्रश्न बुडून जायचा. मग काका विमान जाईपर्यंत थांबत आणि तोच प्रश्न पुन्हा विचारत. जणू मधल्या वेळात उत्तर बदललं असेल.

"नाही हो काका," मी म्हणायची.

"बरं. पुढच्या गुरुवारी बघू," असं म्हणून उरलेले काका आत येत आणि चहा मागत.

आमचं ऑफिस म्हणजे दुभाष्यांची एजन्सी. हॉस्पिटलला, कोर्टाला, कौन्सिलला समोरच्या माणसाची भाषा कळेनाशी झाली की ते आम्हाला फोन करत आणि आम्ही आमच्याकडचा माणूस पाठवत असू. पंजाबी, सोमाली, तमिळ, नंतर नंतर पोलिश. काकांच्या नावापुढे मराठी, हिंदी, टोक पिसिन आणि कुमान अशा भाषा होत्या. मराठीचं काम अधूनमधून निघे. ते काका करत, पण दुसऱ्याच्या घरच्या लग्नात वाढायला उभं केल्यासारखे. त्यांचा जीव होता कुमानमध्ये, आणि कुमानसाठी इंग्लंडमधून तोवर एकही फोन आलेला नव्हता.

कुमान म्हणजे काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आम्हालाही पडला होता, आणि तो काकांसमोर मोठ्यानं विचारण्याची चूक आम्ही केली होती. पापुआ न्यू गिनीच्या मधोमध उंच डोंगर आहेत. त्या डोंगरांत सिंबू नावाचा प्रांत आहे आणि कुमान ही तिथली एक भाषा. त्या देशात भाषा शेकड्यांनी आहेत, त्यामुळे लोक एकमेकांशी टोक पिसिन नावाच्या बाजारभाषेत बोलतात. काका सांगलीकडचे, गणिताचे मास्तर. तरुणपणी करारावर सिंबूतल्या एका शाळेत शिकवायला गेले आणि कितीतरी वर्षं तिथेच रमले. इतर परदेशी मास्तर टोक पिसिन शिकून थांबले. काकांनी मात्र पोरांच्या आज्यांशी बोलता यावं म्हणून कुमान शिकून घेतली. बायको गेल्यावर ते हॅरोला मुलीकडे राहायला आले. मुलगी फार्मसिस्ट, जावई आयटीत, घर नीटनेटकं. आणि त्या घराच्या बागेतल्या शेडमध्ये काका कुदळ-फावड्यांशी कुमानमध्ये बोलत बसत.

"सिंबू हे नाव कसं पडलं ठाऊक आहे?" ते विचारत. ठाऊक आहे म्हटलं तरी सांगत. "बाहेरचे लोक पहिल्यांदा तिथे गेले, त्यांनी पोलादी कुऱ्हाडी वाटल्या. हातात कुऱ्हाड पडली की माणूस खुशीनं काहीतरी ओरडे. पाहुण्यांना वाटलं, हेच यांचं नाव. म्हणजे उद्या कुणी साताऱ्यात उतरावं, दोन बायकांना भेट द्यावी आणि जिल्ह्याचं नाव अगंबाई ठेवावं, तसं."

त्या भाषेत एक 'ल' आहे, तो पार घशाशी काढावा लागतो. काकांनी तो मला शिकवायचा चंग बांधला होता. "आधी ळ म्हण. आता आणखी मागे जा. आणखी मागे. आता जिभेच्या दोन्ही कडांनी हवा सोड." पिकॅडिली लाइनच्या डब्यात मी एकदा हा सराव केला, तर समोरच्या बाईंनी मला पाण्याची बाटली देऊ केली. "इंग्रजीत लिहिताना बिचारे जी आणि एल जोडून मोकळे होतात," काका म्हणाले, "तू निदान प्रयत्न तरी केलास."

क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखंच, हे त्यांना फार आवडे. दोन माणसांसाठी वेगळं रूप आहे, हेही. पण त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट वेगळी होती. "नुसता हात असं म्हणताच येत नाही बघ. कुणाचा हात ते त्या शब्दातच यायला हवं. नुसता भाऊ नाही, नुसती बहीण नाही. कुणाची तरीच."

मी तेव्हा पंचविशीत होते. आमच्या पुण्याच्या घरात वडील पत्रकं काढत. गिरणी, धरण, वस्ती, ज्या कुणाचं काही बुडत असेल त्याचं पत्रक. मी अक्षरं पत्रकांवर गिरवली, आमच्याकडे पोहेसुद्धा उरलेल्या पत्रकांवर वाळत. त्यामुळे कुठल्याही गोष्टीला 'हक्क' हा शब्द लावल्याशिवाय मला ती नीट कळत नसे. काकांची कुमान ऐकल्यावर मी आठवड्याभरात 'मरणाऱ्या भाषांचा जाहीरनामा' लिहून आणला.

काकांनी चष्मा वर करून तो वाचला. "पत्रकबाई," ते म्हणाले, आणि तेव्हापासून माझं हेच नाव पडलं, "मरणाऱ्या म्हणजे? लाखभर माणसं बोलतात. आत्ता या क्षणी कुणीतरी डुकराला शिव्या देतंय कुमानमधून."

"पण काका, टोक पिसिन आणि इंग्रजी तिला गिळतायत. शहरातली मुलं बोलत नाहीत, तुम्हीच सांगितलंत."

"ते खरंय," ते म्हणाले आणि चहात बिस्किट बुडवून बसले. ते विरघळून तळाशी गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "तिची काळजी नको करूस. ती टिकेल. माझ्यातली चाललीये. पूर्वी स्वप्नात तिकडची माणसं यायची ती कुमान बोलायची. आता येतात आणि मराठीत बोलतात. सांगलीच्या मराठीत."

हा माणूस दर गुरुवारी दोन बस बदलून का येतो, ते मला त्या दिवशी कळलं. कुणालातरी त्यांच्या कुमानची एकदा गरज पडायला हवी होती, ती पुरती जायच्या आत.

आणि मग एका जानेवारीत फोन आला.

आमची मॅनेजर निशा इंग्लंडातच जन्मलेली, हॅरोची. मराठी हौसेनं बोलायची, लिंगाच्या बाबतीत मात्र उदार होती. तिनं फोन ठेवला आणि म्हणाली, "काकांचा भाषा आला."

सिंबूची एक म्हातारी बाई मुलीकडे आली होती. मुलीनं इंग्रज माणसाशी लग्न केलेलं. दारासमोरच्या बर्फावरून बाई घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, आणि बाई डोळे मिटून पडल्या होत्या, कुणाशी बोलत नव्हत्या. टोक पिसिन त्यांना थोडीफार येई, पण दुखण्यात ती कुठल्याकुठे गेली होती. मुलगी तिकडच्या राजधानीत वाढलेली. आईची कुमान तिला कळायची, बोलता यायची नाही. हॅरोतल्या आपल्या मुलांना आजीचं मराठी येतं, तितपत. तिनं हो म्हणून चालणार नव्हतं. बाईंचा होकार बाईंच्या तोंडून हवा होता.

नव्या भाषेचं पहिलं काम असलं की आमच्यापैकी कुणीतरी सोबत जाऊन दुभाष्याचं काम बघायचं, असा नियम होता. मी गेले. काका सूट-टाय घालून आले होते. गळ्यात आमचं ओळखपत्र, त्यावर भाषेचं नाव. ते येताना बसच्या ड्रायव्हरलाही दाखवल्याचं त्यांनी कबूल केलं. "त्यानं मागितलं नव्हतं," असंही सांगितलं.

वॉर्डात स्कॉटिश डॉक्टरीणबाई वाट बघत होत्या. काका खाटेजवळ गेले, वाकले आणि काहीतरी बोलले. म्हातारीनं एक डोळा उघडला. काकांना वरपासून खालपर्यंत बघितलं. तो मिटला आणि दुसरा उघडून पुन्हा बघितलं. मग एक शब्द टाकला. काकांनी चार टाकले. तिनं दहा. पलीकडे बसलेली मुलगी तोंडावर हात ठेवून रडायला लागली, कारण आई पडल्यापासून पहिल्यांदा बोलत होती.

डॉक्टरांनी थोडा वेळ थांबून विचारलं, "काय म्हणतायत त्या?"

"अजून सुरुवात नाही झाली, डॉक्टर," काका म्हणाले. "ओळख चाललीये."

ओळख बराच वेळ चालली. काका घाम पुसत होते, अडत होते, एखादा शब्द आठवेना की हवेत हात फिरवत होते. म्हातारी तो शब्द पुरवे आणि वर काहीतरी टोमणा मारे, असं तिच्या तोंडावरून दिसे. दुभाष्यानं गप्पा मारायच्या नाहीत, स्वतःबद्दल सांगायचं नाही, हे आमच्या नियमांत ठळक लिहिलेलं होतं. मी खाकरले. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "त्यांना विचारा, तुमच्यामार्फत बोललेलं त्यांना चालेल का?"

काकांनी विचारलं. म्हातारी लांबलचक बोलली. दुभाष्या बोलणाऱ्याच्या जागी उभा राहून बोलतो. 'त्या म्हणतात की' असं म्हणायचं नाही, थेट 'मी' म्हणायचं, ही आमच्या कामाची रीत. काका ताठ उभे राहिले आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, "हा माणूस माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा आहे. फार उशिरा आला, आणि वाळलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही त्यांचे मेहुणे आहात?"

"मी नाही म्हणत, डॉक्टर. त्या म्हणतायत."

"पण ते खरं आहे का?"

इथे काकांची पंचाईत झाली. ते त्यांनी मला नंतर कँटीनमध्ये समजावून सांगितलं. सिंबूत असताना शाळेजवळच्या एका कुळानं त्यांना रताळ्याचा वाफा दिला होता आणि भाऊ मानलं होतं. म्हातारीची धाकटी बहीण त्याच कुळात दिलेली. मग त्या कुळातले त्या वयाचे सगळे भाऊ तिच्या बहिणीचे नवरेच. यात मानण्या-न मानण्याचा प्रश्न नाही. तिकडे भाषा जाणणारा परका असा कुणी नसतोच. तो कुणाचा कोण, ते शोधून काढायचं आणि मगच पुढचं बोलायचं.

"एका अर्थानं खरं आहे," काका डॉक्टरांना म्हणाले होते. डॉक्टरांनी ते कुठेतरी टिपून घेतलं.

ऑपरेशनला बाई हो म्हणाल्या. काकांनी ते शब्द इंग्रजीत सांगितले: "घरचं माणूस आलंय. आता कापा." मग तिनं आपल्या ताटलीतली जेली काकांपुढे सरकवली. पेशंटकडून काहीही घ्यायचं नाही, हाही नियम. काका खाटेवर बसून ती लाल जेली चमच्यानं खात होते आणि मी डोळे वटारत होते.

"गोड आहे," त्यांनी मला सांगितलं.

त्यानंतर काका रोज हॉस्पिटलात जायला लागले. बोलावणं नसताना, पैसे नसताना. वेम्बलीच्या ईलिंग रोडवरून रताळी आणायची, मुलीच्या ओव्हनमध्ये भाजायची आणि फॉइलमध्ये गुंडाळून न्यायची. म्हातारी प्रत्येक रताळ्याला नावं ठेवी. एक ओलं होतं, एक म्हातारं होतं, एक म्हणे रताळं नव्हतंच. घरी त्यांची मुलगी वैतागली होती. "बाबा, आईला जाऊन इतकी वर्षं झाली. आता तुम्हाला ही थोरली मेहुणी कुठून मिळाली?"

"तुझ्या आईनं विचारलं असतं, जेवल्या का त्या," काका म्हणाले.

आम्हाला हे सगळं हॉस्पिटलच्या ऑफिसकडून कळलं. त्यांनी विचारलं होतं की, तुमचा दुभाष्या पेशंटचा नातेवाईक आहे का? असेल तर चालणार नाही. आमच्याकडेही तेच लिहिलेलं होतं. नातेवाईकानं दुभाष्याचं काम करायचं नाही.

निशानं काकांना बोलावलं. ती प्रेमळ मुलगी, तिनं दार लावून घेतलं आणि सगळं सोपं करून ठेवलं. "काका, यू नो, फक्त एवढंच सांगायचं. ती बाई तुमचा कोणी नाही. मी तसं फोनवर सांगते. मॅटर क्लोज. तुम्ही लिस्टवर राहाल, कुमान पण राहील."

विमान गेलं. दुसरं गेलं.

"असं कसं म्हणू?" ते म्हणाले. "तिनं चारचौघांत म्हटलंय."

"पण पेपरवर तर नाही ना काही."

"पेपरवर माझी सख्खी आत्यापण नव्हती गं."

आता मला राहवेना. मी उभी राहिले आणि बोलले. कुणाचं नातं कुठलं ते हॉस्पिटल ठरवणार का, डोंगरातल्या माणसांची नाती इथल्या कागदात बसत नाहीत हा दोष कागदाचा, आपण नियमालाच आव्हान देऊ, मी आज पत्रक लिहिते, उद्या इतर दुभाष्यांच्या सह्या घेते. आणि तोवर काकांनी त्या एका वाक्याला हो म्हणावं, लढाईत असं करावं लागतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "नाव काय देशील पत्रकाला? 'मेहुण्यांवरील अन्याय'?"

निशा हसली. मी हसले नाही.

"नियम बरोबर आहे, पत्रकबाई," ते म्हणाले. "परवा डॉक्टर म्हणाली, चालता येईलच असं सांगता येत नाही. मी ते म्हातारीला सांगताना जरा गोड केलं. जरासंच. दुभाष्यानं तसं करू नये. मेहुणा करतो." त्यांनी गळ्यातून ओळखपत्र काढलं. त्याची दोरी नीट गुंडाळली. ते निशाच्या टेबलावर ठेवताना त्यावरच्या भाषेच्या नावावरून त्यांनी अंगठा फिरवला. तेवढाच. "इतकी वर्षं थांबलो आणि एकच काम आलं. पण ते झालं ना."

मग नेहमीसारखा चहा मागितला.

पुढच्याच आठवड्यात हॉस्पिटलचा पुन्हा फोन आला: कुमानचा दुसरा दुभाष्या पाठवा. निशा म्हणाली, नाही. त्यांनी आणखी चार ठिकाणी विचारलं. कुठेच नव्हता. मग त्या स्कॉटिश डॉक्टरांनी स्वतःच वाट काढली. भेटीच्या वेळेत त्या सहज त्या खाटेवरून जात, आणि सहज मुलीशी इंग्रजीत बोलत. मुलगी तेच टोक पिसिनमध्ये काकांना सांगे, जणू काकांना इंग्रजी येतच नाही. काका रताळं सोलता सोलता मेहुणीला कुमानमध्ये सांगत. उत्तर त्याच रस्त्यानं परत येई. डॉक्टर लिहीत: कुटुंबीयांशी चर्चा केली. त्या चर्चेत काकांनी काही गोड केलं असेल, तर मुलीनं ते वाटेत तसंच जाऊ दिलं.

म्हातारी काठी घेऊन चालायला लागली आणि तिनं एकच धोशा लावला, घरी. मुलीचं बाळ लहान होतं, नोकरी सुटण्यासारखी नव्हती. एवढ्या लांबच्या प्रवासाला, विमानं बदलत, सोबत तर हवी होती. काकांनी घरी जाहीर केलं की ते जाणार.

"बाबा, तुम्ही हॅरोहून वेम्बलीला जाताना उलट्या बाजूच्या ट्रेनमध्ये बसता," मुलगी म्हणाली.

"म्हणून तर बाई बरोबर आहे. तिला रस्ता माहीत आहे."

तीन आठवड्यांत येतो म्हणाले होते. आले नाहीत. आधी पाऊस होता, मग कुणाचं तरी लग्न होतं, मग शाळेला गणिताचा मास्तर नव्हता. त्यांची मुलगी दोनदा जाऊन भेटून आली आणि आणायचं सोडून परतली. तिकडच्याच डोंगरात, त्या कुळाच्या जागेत ते आता आहेत. पण मला ते दिसतात ते हीथ्रोवर, मी त्यांना पोचवायला गेले होते त्या दिवशीचे.

सकाळची वेळ होती. म्हातारी व्हीलचेअरमध्ये, डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर पिशवी. शेजारी सुटातले काका. आत लांब जायचं होतं, म्हणून विमानतळाची बॅटरीवरची बग्गी आली. ती चालवणारी बाई हाउन्सलोची पंजाबीण होती. तिनं म्हातारीला बसवलं आणि हात आडवा धरला. बग्गीत पेशंटबरोबर फक्त घरचंच माणूस बसू शकतं, बाकीच्यांनी चालत यायचं. तिनं काकांना विचारलं, तुम्ही यांचे कोण?

काकांना ऐकूच गेलं नाही. पिशवी कुणी धरायची यावरून त्यांचं आणि म्हातारीचं जुंपलं होतं. दोघंही एकाच वेळी बोलत होती, दोघंही घशातले ते 'ल' भराभर उडवत होती, आणि काका आता कुठेही अडत नव्हते.

मग तिनं माझ्याकडे बघितलं. "ये इनके कौन लगते हैं?"

"बहनोई हैं," मी म्हटलं. "छोटी बहन के पति."

तिनं एकदा दोघांकडे नीट पाहिलं. काळीसावळी डोंगरातली म्हातारी आणि सांगलीचा गोरटेला मास्तर. मग म्हातारीनं काकांच्या हातातून पिशवी हिसकावून घेतली, ते बघितलं.

"तभी," ती म्हणाली. "बैठिए अंकल."

काका बसले. बग्गी निघाली. म्हातारीचं बोलणं संपलेलं नव्हतं आणि काकांचंही नव्हतं, त्यामुळे मागे वळून बघायला दोघांनाही वेळ झाला नाही.